मेंदूला लागलेला कापडाचा रंग

आमचे नाना तीस वर्षं सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या कलर किचनमध्ये होते. किचन म्हटलं तरी तिथे शिजतो तो रंग. पावडर तोलायची, कढत पाण्यात घोळायची, गाळायची, आणि मास्टरने दिलेल्या सॅम्पलशी शेड जुळेपर्यंत जीव मुठीत धरून उभं राहायचं. शेड चुकली की अख्खा लॉट परत. दोंडाईच्याहून तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेल्या हजारो खान्देशी माणसांपैकी ते एक. बमरोलीत घर घेतलं तेव्हा बाजूला शेतं होती. आता लूमच्या खटखटीत शेजाऱ्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. नाना मात्र हल्ली फारसे बोलत नाहीत. घरात आलेल्या माणसाकडे बराच वेळ बघतात आणि विचारतात, "तू कोन शे रे?" हा माणूस बहुतेक वेळा त्यांचा मुलगाच असतो.

पण त्यांच्या हातात कापडाचा तुकडा द्या. काठाची बाजू चिमटीत धरतात, अंगठा जिभेला लावून ओला करतात, दोनदा घासतात आणि अंगठा उजेडाकडे धरतात. रंग सुटला का? नाही सुटला तर मान हलवतात.

त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टरांनी एका तपासणीचा उल्लेख केला. स्मृतिभ्रंशात मेंदूत एक प्रथिन साचतं, अमायलॉइड; ते आता जिवंत माणसाच्या मेंदूत पेट स्कॅनवर दिसू शकतं. दिसतं कसं, असं विचारलं तर म्हणाले, "एक रंग टोचतात असं समजा." मी घरी येऊन वाचायला बसलो आणि कळलं, की यात समजायचं काही नाही. तो खरोखरच रंग आहे, आणि त्याचे वाडवडील कापडाच्या कारखान्यातले आहेत.

या गोष्टीची सुरुवात खळीपासून करावी लागते. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ देतात, हे विणकराला सांगायला नको. या पिठाला, म्हणजे स्टार्चला, लॅटिनमध्ये अमायलम म्हणतात. १८५४ मध्ये जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गचे रुडॉल्फ फिर्खो मेलेल्या माणसांच्या मेंदूतले काही कण तपासत होते. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा-काळा रंग बघतो, त्याच जातीची परीक्षा त्यांनी या कणांवर केली आणि रंग तसाच काहीसा आला. फिर्खो म्हणाले, हे स्टार्च किंवा सेल्युलोजसारखं काहीतरी दिसतं. याला अमायलॉइड म्हणू, पिठासारखं. पाचच वर्षांत फ्रीडराइख आणि केकुले यांनी दाखवून दिलं की या पदार्थात नायट्रोजन भरपूर आहे, म्हणजे हे पीठ नाही, प्रथिन आहे. (हे केकुले तेच, पुढे बेन्झीनचं कडं मांडणारे, सगळे कृत्रिम रंग त्या कड्याचीच लेकरं.) चूक उघडी पडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. फिर्खोंना मी मात्र पूर्ण चुकीचं म्हणणार नाही. मेंदूतला तो पदार्थ सेल्युलोज नव्हता, पण रंगाशी तो सेल्युलोजसारखाच वागत होता, आणि पुढची सव्वाशे वर्षं त्या वागण्यावरच चालली.

कापसाच्या सुताला रंग धरवणं हे पूर्वी किचकट काम होतं. आधी तुरटीत बुडवायचं, हिरड्याचा हात द्यायचा, मग कुठे रंग चढायचा. १८८३च्या सुमारास जर्मनीतल्या एल्बरफेल्ड गावी बायर कंपनीत नोकरी करणाऱ्या पाउल बोटिगर या रसायनतज्ज्ञाने एक भडक लाल रंग बनवला, जो तुरटीशिवाय थेट सुताला धरत होता. कंपनीला त्यात रस नव्हता. बोटिगरने पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं आणि बर्लिनच्या अ‍ॅग्फाला विकलं. तेव्हा बर्लिनमध्ये युरोपातल्या सत्ता आफ्रिकेच्या वाटण्या करायला बसल्या होत्या आणि वर्तमानपत्रांत रोज काँगो, काँगो चाललेलं. विक्रेत्यांनी रंगाचं नाव ठेवलं काँगो रेड. काँगोशी त्याचा संबंध इतकाच. सुरतेच्या बाजारात साड्यांना चालू सिनेमाची नावं देतात, त्यातलाच प्रकार.

कापडाचे रंग तेव्हा जर्मन डॉक्टरांच्या हाती खेळण्यासारखे आले होते. फ्रँकफुर्टमध्ये तर रंगाचे कारखाने आणि प्रयोगशाळा गावाच्या एकाच कुशीत होत्या. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात २५ नोव्हेंबर १९०१ रोजी ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. बाईला घरातलं काही आठवेना, वस्तू कुठेही लपवून ठेवी, नवऱ्यावर संशय घेई. दुसऱ्या दिवशी आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेलं बोलणं कागदावर उतरवून घेतलं. नाव विचारलं: ऑगुस्टे. आडनाव: ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव: ऑगुस्टे, बहुधा. जेवताना ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाता, असं विचारल्यावर ती म्हणाली, पालक. हे कागद पुढे हरवले आणि १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या जुन्या दफ्तरात सापडले.

एप्रिल १९०६ मध्ये ती बाई गेली. अल्झायमर तोवर म्युनिकला होते. मेंदू तिकडे पाठवला गेला. त्यांनी पातळ काप काढून नव्यानेच निघालेल्या चांदीच्या क्षारांच्या पद्धतीने रंगवले. दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर ठिकठिकाणी साचलेले गोळे, आणि पेशींच्या आत गुंता झालेले धागे. ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. चार वर्षांनी त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

यात एक माणूस मागे पडला. प्रागचे ओस्कार फिशर. म्हातारपणी बुद्धी गेलेल्या १६ माणसांचे मेंदू त्यांनी १९०७ मध्ये तपासले, आणि त्यांतल्या १२ जणांत तेच गोळे दाखवले. अल्झायमर यांच्याकडे एक बाई होती, तीही पन्नाशीतली. "साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण जे सोडून देतो त्याच्या मुळाशी आजार असू शकतो, हे खरं फिशर यांच्या कामातून दिसत होतं. ते ज्यू होते. १९४२ मध्ये नाझींच्या तेरेझिन छावणीत ते मेले. नाव कुणाचं राहतं याचा गुणवत्तेशी फार संबंध नसतो, हे काँगो रेडच्या बाबतीत आपण पाहिलंच.

काँगो रेड आता पुन्हा गोष्टीत येतो. १९२२ मध्ये हान्स बेनहोल्ड या जर्मन डॉक्टरने तो अमायलॉइडचा आजार असलेल्या रुग्णांच्या शिरेत टोचला. निरोगी माणसाच्या रक्तात रंग बराच वेळ राही, या रुग्णांच्या रक्तातून तो झपाट्याने नाहीसा होई. जाई कुठे? शरीरात जिथे अमायलॉइड साचलंय तिथे जाऊन बसे. पाच वर्षांनी बेल्जियममध्ये पाउल दिव्री यांनी मेंदूतले गोळे काँगो रेडने रंगवून खास प्रकाशात, ध्रुवित प्रकाशात, पाहिले. लाल दिसायला हवेत ते गोळे कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकले. पॅथॉलॉजीचे विद्यार्थी आजही हा हिरवा रंग पाठ करतात.

सुताचा रंग प्रथिनाला का धरतो? लीड्स विद्यापीठात लोकरीचे धागे एक्स-रेने तपासणारे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३५ मध्ये शिजलेल्या अंड्याचा पांढरा भाग ताणला, त्यातून एक्स-रे सोडले, आणि एक विशिष्ट घडी टिपली. पुढे अमायलॉइडमध्येही तीच घडी सापडली. प्रथिनाचे पदर एकावर एक रचले जाऊन लांब, सरळ, ताठ धागा बनतो आणि त्याच्या अंगावर लांबच लांब खाचा राहतात. काँगो रेडचा रेणूही लांबट आणि चपटा. कापसाच्या धाग्याला तो जसा अंगभर चिकटतो, तसाच इथेही. एक विणकामाचा धागा, एक आजाराचा.

आता अडचण. बेनहोल्ड यांचा रंग शिरेतून सगळीकडे गेला, मेंदूत मात्र गेला नाही. हे आधीच माहीत होतं. एडविन गोल्डमन यांनी १९०९ ते १९१३ या काळात ट्रिपन ब्लू नावाचा रंग प्राण्यांच्या रक्तात टोचला, तर सगळी इंद्रियं निळी झाली आणि मेंदू पांढरा राहिला. मग तोच रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचला. मेंदू निळा झाला, बाकीचं शरीर कोरं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा आहे. आमच्या बमरोलीत महापालिकेचा प्रकल्प गावचं सांडपाणी गाळून शुद्ध करतो आणि २०१४ पासून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवतो. रोज ४ कोटी लिटरची त्याची क्षमता. मेंदूचा पडदा त्याहून कडक. पाण्यात विरघळणारं, विद्युतभार असलेलं, आकाराने मोठं असं काहीही तो सहसा आत सोडत नाही. काँगो रेडमध्ये हे तिन्ही अवगुण. म्हणून मेंदूतलं अमायलॉइड बघायचं तर माणूस मेल्यावरच. १९६८ मध्ये न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी मृतांच्या मेंदूतले गोळे एकेक करून मोजले आणि जगतानाची विस्मृती त्या आकड्यांशी ताडून पाहिली. गोळे जास्त तिथे विसरही जास्त, असा कल निघाला. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी ते प्रथिन वेगळं काढून त्याची जडणघडण सांगितली. तरी जिवंत माणसाच्या कवटीत डोकावायला वाट नव्हतीच.

इथे मला नानांचं कलर किचन आठवतं, कारण तिथे हीच अडचण रोज सोडवली जाते. सुरतेत कापूस आता नावापुरता. सगळा व्यवहार पॉलिस्टरचा. पॉलिस्टरचा धागा आतून घट्ट आणि पाण्याला थारा न देणारा. काँगो रेडसारखा कापसाचा थेट रंग त्याच्या अंगावरून वाहून जातो. त्याला लागतो डिस्पर्स रंग: लहान रेणू, विद्युतभार नाही, पाण्यात धड विरघळतही नाही. बंद जेट मशीनमध्ये दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवलं की तो धाग्याच्या आत शिरतो आणि थंड झाल्यावर तिथेच अडकून राहतो. नाना म्हणायचे, धाग्याने दार लावलं तर रंग बारीक करा.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या दोघांनी नेमकं हेच केलं, फक्त मेंदू १३० अंशांवर उकळता येत नाही एवढाच फरक. विल्यम क्लंक हे मनोविकारतज्ज्ञ, चेस्टर मॅथिस हे किरणोत्सारी रसायनं बनवणारे. १९९०च्या दशकात क्लंक यांनी आधी काँगो रेडलाच कापूनछाटून पाहिलं. त्याच घराण्यातला क्रायसामीन-जी हा रंग घेतला. पडद्यापुढे तोही थकला. वर्षं गेली. मग दोघे दुसऱ्या एका जुन्या रंगाकडे वळले, थायोफ्लेविन-टी. हा पिवळा रंग अमायलॉइडला चिकटला की चमकतो, हे १९५९ पासून ठाऊक होतं. त्याच्या रेणूवर एका जागी धन विद्युतभार होता. तो काढून टाकला. रेणू लहान, भाररहित आणि स्निग्धाशी सलगी करणारा झाला. पडद्यातून आत गेला, अमायलॉइड असेल तिथे थांबला, नसेल तिथून धुऊन निघाला. डायरच्या भाषेत बोलायचं तर थेट रंगाचा डिस्पर्स केला.

उरला प्रश्न दिसण्याचा. कवटीतून रंग दिसणार कसा? म्हणून रेणूत कार्बनचा एक किरणोत्सारी अणू बसवायचा, कार्बन-११. त्यातून निघणारा पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघे नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. डोक्याभोवतीचं कडं ते टिपतं आणि संगणक ते कुठून निघाले याचा नकाशा काढतो. कार्बन-११ चं आयुष्य मात्र अळवावरचं पाणी: दर २० मिनिटांनी निम्मा. इस्पितळातच सायक्लोट्रॉन हवा, आणि रंग बनवून, तपासून, टोचून मोकळं व्हायचं तासाभरात.

पहिली माणसं पिट्सबर्गची नव्हती. स्वीडनमधल्या उप्सालाकडे परवानगी आणि यंत्रं दोन्ही तयार होती; तिथे फेब्रुवारी २००२ मध्ये पहिल्या रुग्णाला रंग टोचला गेला. पिट्सबर्गमध्ये घडलेल्या या रंगाला तिथल्या लोकांनी पिट्सबर्ग कंपाउंड-बी म्हणायला सुरुवात केली. तेच पुढे पिब झालं. हे स्कॅन ज्यांच्या देखरेखीखाली झाले त्या हेन्री एंग्लर यांची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात विलक्षण वाटते. ते मूळचे उरुग्वेचे. तरुणपणी वैद्यकाचं शिक्षण सोडून तुपामारो या सशस्त्र चळवळीच्या नेतृत्वात गेले. १९७२ मध्ये पकडले गेले आणि लष्करी राजवटीने त्यांना १३ वर्षं डांबून ठेवलं, त्यातली बहुतेक एकांतकोठडीत. तिथे त्यांच्या मनाचा तोल गेला. भास होत, आवाज ऐकू येत. १९८५ मध्ये सुटका झाल्यावर ते स्वीडनला गेले, राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि अणुवैद्यकात शिरले. ज्याने स्वतःचं मन कोठडीत हातातून निसटताना अनुभवलं, त्याच्या हाताखाली इतरांच्या निसटत्या मनांची पहिली चित्रं निघाली.

चित्रं स्वच्छ होती. १६ रुग्ण, ९ निरोगी. निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या मेंदूचा पुढचा भाग तांबडा-पिवळा पेटलेला, निरोग्यांचा निळा-काळा. आठ वर्षांनी फ्लोरिन-१८ जोडलेला, सुमारे ११० मिनिटांत निम्मा होणारा रंग अमेरिकेत मान्य झाला आणि सायक्लोट्रॉन नसलेल्या इस्पितळांनाही दार उघडलं. २०२० मध्ये पेशींच्या आतल्या गुंत्यासाठी, टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनासाठी, वेगळा रंग आला.

चित्र मिळालं म्हणजे उत्तर मिळालं, असं सगळ्यांनाच वाटलं असणार. झालं वेगळंच. उप्सालातल्या त्या पहिल्याच रुग्णाचे पुढे पुन्हा स्कॅन झाले. दरम्यानच्या काळात विस्मृती वाढली, मेंदूचा साखर वापरण्याचा वेग घसरला. अमायलॉइड मात्र होतं तेवढंच. आधीच भरून गेलेलं भांडं, त्यात आणखी मावत नव्हतं. म्हणजे साचण्याचं काम विसर पडायच्या कितीतरी वर्षं आधी होऊन गेलेलं असतं. दुसऱ्या बाजूने, ज्यांचं डोकं शाबूत आहे अशा म्हाताऱ्यांचेही मेंदू स्कॅनवर पेटलेले निघू लागले, आणि तेही एखाददुसरे नाहीत.

मेल्यावर मेंदू तपासणाऱ्यांना हे नवं नव्हतं. अमेरिकेतल्या डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. त्यांनी मेंदू दान करायचं कबूल केलं होतं. त्यातल्या सिस्टर मेरी ८४ व्या वर्षापर्यंत शिकवत होत्या, १०१ व्या वर्षी गेल्या, परीक्षेत शेवटपर्यंत उत्तम गुण. मेंदू उघडला तर गोळ्यांनी भरलेला. कोलंबियातल्या आलिरिया पिएद्राइता यांच्या घराण्यात एक जनुक असं आहे की ते असलेल्यांची स्मृती चाळिशीतच डळमळू लागते. आलिरिया यांच्यातही ते होतं. विस्मृती आली ती सत्तरीत. बॉस्टनला नेऊन स्कॅन केला तर अमायलॉइड घराण्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त, आणि टाऊ अगदी थोडा. दुसऱ्या एका दुर्मीळ जनुकाने त्यांना राखलं, असं २०१९ मध्ये मांडलं गेलं. विसर जास्त जुळतो तो टाऊच्या पसाऱ्याशी. अमायलॉइड आधी येतं, पण किती आलं यावरून माणूस किती विसरेल हे सांगता येत नाही.

पिट्सबर्ग विद्यापीठाचा आपल्याकडेही एक धागा आहे. तिथल्या मेरी गांगुली आणि भारतातले विजय चंद्रा यांनी १९९०च्या दशकात हरियाणातलं बल्लभगढ आणि पिट्सबर्गजवळचं मोनोंगाहेला खोरं यांची तुलना केली. बल्लभगढमध्ये अल्झायमरच्या नव्या रुग्णांचं प्रमाण बरंच कमी निघालं. मला जास्त मोलाची वाटते ती त्यांची प्रश्नपत्रिका. अमेरिकन परीक्षेत "डोळे मिटा" असं लिहिलेला कागद वाचून तसं करायचं असतं. न शिकलेल्या माणसाने काय करायचं? त्यांनी बदल केला: माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी वार उलटे म्हणा. नानांना डॉक्टरांनी वार उलटे विचारले तेव्हा ते शनिवारपाशी अडले आणि हसले. मिलची सुट्टी कोणत्या वारी, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी माझी अजून खात्री आहे.

६० वर्षांवरच्या भारतीयांत सुमारे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये देशव्यापी पाहणीवरून काढण्यात आला. त्यातल्या बहुतेकांना हे नावही ठाऊक नसतं. 'अस्तु' या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात. आमच्या गल्लीतून निघून जाणाऱ्यांना हत्ती लागत नाही, उधना स्टेशन पुरतं.

रंगामुळे औषधांना मात्र वाट मिळाली. कोणाच्या मेंदूत अमायलॉइड आहे हे आधी कळलं, तरच ते धुऊन काढणारं औषध कोणाला द्यायचं हे ठरतं. अशाच एका औषधाच्या, लेकानेमॅबच्या, चाचणीत १,७९५ माणसं होती. १८ महिन्यांत औषध घेणाऱ्यांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, काहींच्या मेंदूला सूज आली, काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव झाला. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला पूर्ण मान्यता दिली. औषध चालू असताना स्कॅनवरचा तांबडा पसारा विझत जातो आणि माणूस तरीही विसरतच राहतो, थोडा सावकाश. मे २०२५ मध्ये तिथे रक्ताच्या पहिल्या चाचणीलाही परवानगी मिळाली. टाऊचा एक अंश आणि अमायलॉइड यांचं प्रमाण रक्तातूनच कळतं, म्हणजे हळूहळू रंग टोचण्याची गरजही कमी होत जाईल.

नानांचा तो स्कॅन आम्ही केला नाही. करून औषध मिळण्याची वेळ गेलेली होती, असं डॉक्टरांनीच सांगितलं.

काँगो रेड बनतो बेंझिडीनपासून, आणि बेंझिडीनने रंगकामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, म्हणून १९९०च्या दशकात आपल्या सरकारने या कुळातल्या रंगांवर बंदी घातली. कापडावर तो आता कुणी चढवत नाही. मोठ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत त्याची एक लहान बाटली अजून असते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा तुकडा अमायलॉइडचा वाटला, की काचेवर त्याचा थेंब पडतो आणि तपासणारा हिरवी चमक शोधू लागतो.